एचएसईचा पस्तीस प्रश्नांचा ताण-तपासणी संच: खानदेशातल्या कारखान्याला कितपत पुरतो?

ब्रिटनची हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह (एचएसई) ही तिथली कामगार-सुरक्षेची सरकारी यंत्रणा. तिचा 'इंडिकेटर टूल' म्हणजे पस्तीस प्रश्नांचा कागद आणि जोडीला आकडे भरायची एक्सेल फाइल. २००४ मध्ये या यंत्रणेने कामाच्या ताणाबद्दलचे मापदंड ठरवले, त्यांच्यासोबत हा संच आला. कागद फुकट, फाइलही फुकट. जळगाव एमआयडीसीतले चटई आणि पाइपचे कारखाने, धुळ्याची अवधान वसाहत, शिरपूर-नवापूरची कापड युनिटं, सगळीकडे 'माणसं टिकत नाहीत, खाडे फार' ही एकच तक्रार ऐकू येते. तिचं मूळ शोधायला सुरुवात कुठून करायची, तर या संचापासून. पाचपैकी साडेतीन गुण. प्रश्न चांगले आहेत. सोबत येणारी मोजपट्टी मात्र इथे निरुपयोगी आहे, आणि खानदेशातल्या कामाला सगळ्यात जास्त छळणाऱ्या तीन गोष्टी त्यात मुळीच नाहीत.

पहिली जमेची बाजू म्हणजे हा संच माणूस तपासत नाही, काम तपासतो. झोप लागते का, उदास वाटतं का, घरी भांडणं होतात का, असलं काही तो विचारत नाही. बोजाचे आठ प्रश्न, कामावरच्या ताब्याचे सहा, वरिष्ठांच्या पाठबळाचे पाच, सोबत्यांच्या मदतीचे चार, आपसातल्या संबंधांचे चार, आपलं काम नेमकं काय याच्या स्पष्टतेचे पाच आणि बदल कसे केले जातात याचे तीन. हे महत्त्वाचं अशासाठी, की आपल्याकडे 'स्ट्रेस मॅनेजमेंट'च्या नावाखाली वक्ता बोलावून दीर्घ श्वास घ्यायला लावतात आणि दुसऱ्या दिवशी तीच बारा तासांची पाळी सुरू राहते. श्वासाने पाळी लहान होत नाही.

या सात भागांमागे पन्नासेक वर्षांचं संशोधन उभं आहे. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं की नुसतं जास्त काम माणसाला मोडत नाही. जास्त काम आणि त्यावर आपला काडीचा ताबा नाही, ही जोडी मोडते. १९८५ पासून लंडनच्या १०,३०८ सरकारी नोकरांवर चाललेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात, कामावर कमी ताबा असलेल्यांना हृदयविकाराचा धोका जास्त आढळला. यातला ताबा म्हणजे मालकी नव्हे. ब्रेक कधी घ्यायचा, वेग किती ठेवायचा, आधी कोणतं काम उरकायचं, एवढंच. संचातला दुसरा प्रश्न ब्रेकचाच आहे, आणि चटईच्या लूमवर उभ्या ऑपरेटरला तो ऐकताक्षणी कळतो. लघवीला जायचं तर बदली माणूस मिळेपर्यंत लूम सोडता येत नाही, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आता वापराकडे. इथेच बहुतेकांचं बिनसतं.

इंग्रजी कागद वाटणं हा पहिला घोटाळा, आणि गूगलने केलेलं मराठी वाटणं हा दुसरा. भाषांतर एकाने करावं, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यावं, मग दोन्ही शेजारी ठेवून बघावं. अडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. प्रश्न ६ आणि २२ दोन्ही वेळेच्या अशक्य दबावाचे आहेत. मराठीत ते एकसारखे झाले तर कामगार 'हे तर मघाशीच विचारलं' म्हणून वैतागतो. सहावा 'वेळेत पुरं होणारच नाही असं टार्गेट देतात' असा करावा, बाविसावा 'कामाला दिलेला वेळ खरोखर पुरेल असा नसतो' असा. १५, १९ आणि २५ हे तीनही कामातल्या निवडीचे. पंधरावा काम कसं करायचं, एकोणिसावा कोणतं काम करायचं, पंचविसावा कामाच्या पद्धतीत आपलं म्हणणं चालतं का, असे वेगळे ठेवावेत. प्रश्न ३० कामाची वेळ लवचिक आहे का असं विचारतो. तीन पाळ्यांच्या कारखान्यात यावर लोक हसतात. तो गाळला तर ताब्याचा आकडा दुसऱ्या कुठल्या आकड्याशी जुळवता येत नाही, म्हणून 'अडचण असेल तर पाळी बदलून मिळते' असा करून ठेवावा आणि अहवालात तसं लिहावं.

वाचता येणाऱ्यांनाही प्रश्न मोठ्याने वाचून दाखवावेत. कागदी मराठी सगळ्यांना जवळची नसते. धुळे-नंदुरबारकडे अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याला भिली-पावरी, आणि यूपी-बिहारहून आलेल्या माणसांना हिंदी. वाचणारा बाहेरचा हवा. सुपरवायझर, ठेकेदार किंवा मुकादम यांपैकी कुणालाही दुभाषा करू नये. मुकादमाने वाचलेल्या तेविसाव्या प्रश्नाला ('अडचण आली तर आपला वरिष्ठ मदत करतो') सगळीकडून 'नेहमी' हेच उत्तर येतं. दहा-बारा जणांचा गट, कॅन्टीन किंवा ट्रेनिंग रूम, आत साहेब नाही, कॅमेरा असेल तर त्याच्या टप्प्याबाहेर. अर्धा तास धरावा, आणि तो पाळीच्या आत धरावा. पाळी सुटल्यावर थांबवलं तर बसकडे डोळे लागलेला माणूस सगळीकडे मधली खूण करून मोकळा होतो.

कागदावर नाव नको, हजेरी क्रमांकही नको. विभाग, पाळी आणि कायम की ठेक्यावरचा, एवढंच विचारावं. यातही एक खाच आहे. बॉयलरवर तिघेच असतील तर 'बॉयलर, रात्रपाळी, कायम' ही नावच लिहिल्यासारखी ओळख झाली. दहापेक्षा कमी उत्तरं आलेल्या गटाचा आकडा वेगळा दाखवूच नये. तो शेजारच्या विभागात मिळवावा. पाचशेच्या आत कामगार असतील तर सगळ्यांनाच विचारावं, नमुना काढत बसू नये. निम्म्याहून कमी कागद परत आले तर आकडेमोड थांबवून लोक का भरत नाहीत ते आधी बघावं. तेही उत्तरच असतं.

पहिले २३ प्रश्न 'कधीच नाही' ते 'नेहमी' या पाच उत्तरांचे आहेत. २४ ते ३५ 'अजिबात पटत नाही' ते 'पूर्ण पटतं' असे. एकाच पानावर सलग छापलं तर निम्मे लोक जुन्याच पट्टीवर पुढे जातात. चोविसावा प्रश्न कागदाच्या मागच्या बाजूला सुरू करावा आणि वाचणाऱ्याने तिथे थांबून नवी उत्तरं दोनदा सांगावीत.

गुण देताना होणारी चूक तर हमखास. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण, आणि शेवटी जास्त आकडा म्हणजे चांगली परिस्थिती. पण बोजा आणि आपसातले संबंध या दोन भागांचे सगळे बारा प्रश्न उलटे आहेत: ३, ५, ६, ९, १२, १४, १६, १८, २०, २१, २२ आणि ३४. त्यांचे गुण सहातून वजा करून घ्यायचे. समजा बोजाच्या आठ प्रश्नांवर एकाची उत्तरं ४, ५, ४, ३, ५, ४, ५, ४ अशी आली. बेरीज ३४, सरासरी ४.२५, बघणाऱ्याला वाटेल, वा, मस्त चाललंय. उलटवल्यावर बेरीज १४ आणि सरासरी १.७५. म्हणजे माणूस पिचलाय. मूळ एक्सेल फाइल हे उलटवणं स्वतः करते. आपली फाइल बनवणारे विसरतात. आणि काही जण आधी हाताने उलटवून मग मूळ फाइलमध्ये भरतात, तेव्हा सगळं पुन्हा सुलटं होतं. कच्चे आकडे जसेच्या तसे भरावेत, एवढं पाळलं तरी पुरे.

यानंतर फाइल रंग दाखवते. तळातल्या २० टक्क्यांत असाल तर लाल, सरासरीच्या खाली असाल तर पिवळा, वर असाल तर निळा, वरच्या २० टक्क्यांत असाल तर हिरवा. या रंगांवर मेहनत वाया घालवू नका. तुलना ब्रिटिश संस्थांशी आहे. तिथल्या कार्यालयाशी कापसाच्या जिनिंगमधल्या हमालाची तुलना करून लाल रंग आला, याने काय कळलं? शिवाय हा लाल रंग शेठजींना दाखवला की ते पुढचं काही ऐकत नाहीत.

त्याऐवजी घरातल्या घरात तुलना करावी. दिवसपाळी आणि रात्रपाळी, कायम आणि ठेक्यावरचे, पॅकिंग आणि एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून आकार देणारं मशीन). वीस-वीस जणांच्या दोन गटांत अर्ध्या गुणापेक्षा कमी फरक असेल तर त्यावरून निष्कर्ष काढू नये. एवढा फरक योगायोगानेही पडतो. त्याहून जास्त असेल तर प्रश्नवार उतरून बघावं. भागाची सरासरी पुष्कळदा लपवते. वरिष्ठांच्या पाठबळाचा आकडा मधला दिसतो, आणि आत बघितलं तर तेविसावा प्रश्न उत्तम, पण एकोणतिसावा ('मनाला लागलेली गोष्ट वरिष्ठाला सांगता येते') पार तळाला. म्हणजे मशीन अडलं तर साहेब धावून येतो, माणूस अडला तर नाही.

प्रश्न ५ आणि २१ टोमणे, अपमान आणि दादागिरीचे आहेत. यांची सरासरी काढून स्वस्थ बसू नये. शंभरात पाच जणांनी 'नेहमी' लिहिलं तरी सरासरी छानच दिसते, म्हणून इथे सरासरीऐवजी किती जणांनी ४ किंवा ५ दिले ते मोजावं. बोलताना लैंगिक छळाची गोष्ट निघाली तर ती सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेरची आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते आणि त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. कुणाकडे जायचं हे कागद वाटायच्या आधीच भिंतीवर लावलेलं असावं.

आता कापलेल्या दीड गुणाबद्दल.

पहिली उणीव उष्णतेची. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो. पत्र्याच्या शेडमध्ये दोनशे अंशांच्या वर तापलेला एक्स्ट्रूडर चालू असतो, आणि पस्तीसपैकी एकही प्रश्न गरमीचा नाही. ब्रिटनमध्ये तो सुचला नसेल, ठीक. पण भारतातल्या कारखान्यांच्या आकड्यांवर ई. सोमनाथन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वर्षाच्या तापमानात एक अंश वाढ झाली की कारखान्याचं उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी घसरतं आणि उष्ण दिवसांत खाडेही वाढतात, असं दिसलं. बंगळुरूच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत साधे दिवे काढून एलईडी लावले तेव्हा शेडची गरमी कमी झाली आणि उष्ण दिवसांतलं काम सुधारलं. म्हणून आपले चार प्रश्न जोडावेत: उकाड्याने चक्कर किंवा मळमळ, गार पाणी जागेवर मिळणं, दुपारी वेग कमी करायची मुभा, पंखा आपल्या अंगावर येतो की मशीनवर. आवाजाचाही एक घालावा. नैरोबीतल्या एका प्रयोगात आवाज १० डेसिबलने वाढला की काम सुमारे ५ टक्क्यांनी कमी झालं, आणि हे आवाजामुळे होतंय याचा कामगारांना पत्ताही नव्हता. त्यामुळे आवाजाला नुसता प्रश्न पुरत नाही, मोबाइलवर का होईना मोजून बघावं.

दुसरी उणीव पैशाची, आणि इथे संच सरळ मौन पाळतो. पगार किती, यापेक्षा तो कधी आणि शेजाऱ्याच्या तुलनेत किती, हे मनावर जास्त चालतं. ओडिशात पत्रावळी टाचणाऱ्या मजुरांवर एक प्रयोग झाला. मजुरी तेवढीच, फक्त काहींना ती आधी हातात दिली. पैसे हातात असलेल्या दिवसांत काम सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं. उचल घेऊन हंगामावर आलेल्या माणसाच्या डोक्यात दिवसभर काय चाललेलं असतं, ते यावरून कळावं. ओडिशातल्याच दुसऱ्या अभ्यासात, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, एकाच गटात मजुरी कमी-जास्त ठेवली तेव्हा कमी मिळणाऱ्यांची हजेरी १८ टक्केबिंदूंनी पडली. पण कोण किती काम करतो हे सगळ्यांना दिसत असेल तिथे हा परिणाम दिसला नाही. त्याच लूमवर त्याच पाळीत कायमचा एक दर आणि ठेक्याचा दुसरा, आणि फरकाचं कारण कुणालाच दिसत नाही, अशा कारखान्याने खाड्यांचं मूळ इथे शोधावं.

ही पोकळी भरायला जोहान्स सिग्रिस्ट यांची प्रयत्न-मोबदला प्रश्नावली सोबत घ्यावी. छोट्या आवृत्तीत प्रयत्नाचे तीन आणि मोबदल्याचे सात प्रश्न आहेत (कामात मन अति गुंतण्याचे सहा सोडून दिले तरी चालतं), प्रत्येकी १ ते ४ गुण. मोबदल्यात पैसा तर येतोच, शिवाय मान, बढती आणि नोकरीची खात्रीही येते. ही नोकरीची खात्री, म्हणजे पुढच्या हंगामात ठेकेदार बोलावेल की नाही, ही एचएसई संचातली तिसरी उणीव. हिशेब असा: मोबदल्याच्या बेरजेला ३/७ ने गुणायचं आणि प्रयत्नाच्या बेरजेला त्याने भागायचं. प्रयत्न १०, मोबदला १४ असेल तर १४ चे ३/७ म्हणजे ६, आणि १० भागिले ६ म्हणजे १.६७. एकाच्या वर गेलं की देणं जास्त, मिळणं कमी. मालकाला एचएसईच्या सात आकड्यांपेक्षा हा एक आकडा लवकर समजतो.

दुसरे पर्याय? कोपनहेगनची प्रश्नावली (तिसरी आवृत्ती, २०१९) जास्त खोल आहे. नोकरीची असुरक्षितता तिच्यात आहे, आणि छोटी, मधली, मोठी अशा तीन लांब्यांत मिळते. विद्यापीठातल्या संशोधकाला तीच बरी. कारखान्यात वाचून दाखवायला जड जाते. मास्लाक यांची बर्नआउटची (कामाने पार थकून जाण्याची) २२ प्रश्नांची यादी विकत घ्यावी लागते, आणि ती थकवा हा परिणाम मोजते, त्याचं कारण सांगत नाही. दवाखान्यातल्या नर्सेससाठी ठीक, डाळमिलसाठी नाही. गॅलप या अमेरिकी सर्वेक्षण कंपनीचे बारा प्रश्न मालकी हक्काचे आहेत. नेटवरून उतरवून वापरणारे बरेच, पण तसं करू नये.

आकडे आल्यावर सहा ते दहा जणांचे गट बसवून 'हा आकडा असा का' हे विचारणं हा या संचाचाच भाग आहे, आणि आपल्याकडे नेमका तोच गाळला जातो. अहवाल छापून फाइलला लावला की झालं. खरा माल या बैठकीतच हाती लागतो. अठराव्या प्रश्नावर (जास्त तास थांबायचा दबाव) आकडा वाईट असेल तर दबाव सुपरवायझरचा आहे की ओव्हरटाइमशिवाय घर चालत नाही म्हणून माणूस स्वतः थांबतो, हे कागद सांगणार नाही. दोन्हींची औषधं वेगळी. तासांचा प्रश्न तसा साधा नाही: जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अभ्यासात, आठवड्याला ३५-४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्क्यांनी जास्त दिसला. बारा तासांच्या सहा पाळ्या म्हणजे ७२ तास.

उपाय शोधताना फार लांब जायला नको. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये नवे स्वयंचलित माग आले आणि तरीही उत्पादन वाढेना, तेव्हा ब्रिटिश संशोधक ए. के. राइस यांनी सुटी-सुटी कामं वाटून घेणाऱ्या विणकरांचे छोटे गट करून एका गटाकडे ठरावीक माग सोपवले. ब्रेक, बदली, मदत हे गटाने आपसात ठरवायचं. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. हे १९५३ मध्ये छापून आलं आहे. चटईच्या लूमवर हेच करता येतं, आणि त्याला मशीन विकत घ्यावं लागत नाही. रात्रपाळीसाठी डुलकीची जागा हाही स्वस्त उपाय. चेन्नईत डेटा एंट्री करणाऱ्यांवरच्या प्रयोगात रात्री अर्धा तास जास्त झोप मिळून कामात फरक पडला नाही, पण कामाच्या जागी दुपारी घेतलेल्या अर्ध्या तासाच्या डुलकीने पडला.

हा संच कुणी घेऊ नये? आठ-दहा माणसांच्या डाळमिलने, आणि केळीच्या कटाईवर रोज वेगळी टोळी येते त्या पॅकहाऊसने. इतक्या कमी किंवा बदलत्या माणसांची सरासरी काढून काही हाती लागत नाही. तिथे ब्रेक, टोमणे, गरमी आणि हिशेब या चार गोष्टींवर बाहेरच्या माणसाने एकेकट्याशी बोलावं. ज्या मालकाला वाईट आकडा आला तरी काहीच बदलायचं नाही, त्यानेही घेऊ नये, कारण विचारून गप्प बसलेल्याला पुढच्या वेळी खरं उत्तर मिळत नाही.

घेतलाच तर पुन्हा मोजणी वर्षाने, त्याच महिन्यात. दिवाळीच्या बोनसचा आठवडा आणि पगार लांबलेला आठवडा दोन्ही टाळावेत. जिनिंगचा डिसेंबर डिसेंबरशीच ताडून बघावा, आणि एक्स्ट्रूडरच्या शेडचा मे महिना मेशी. भरलेले कागद कारखान्यात ठेवू नयेत; आकडे फाइलमध्ये चढले की बाहेरच्या माणसानेच ते फाडून टाकावेत, आणि ते फाडले जाणार आहेत हे भरण्याआधी सगळ्यांना सांगावं.